दोन सालांमधला दिवस

उन्हाळ्याची बाजू घेणारी माणसे फार थोडी. पावसावर लिहायला प्रत्येक वर्गात दहाजण तयार असतात. थंडी, धुके आणि शेकोटी यांवर आपल्या या वार्षिकात दर वर्षी एखादी तरी कविता असतेच. उन्हाळा म्हटला की मात्र परीक्षा, घाम आणि रिकामे हंडे एवढेच सर्वांना आठवते. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'त (१९५६) चैत्र-वैशाखाला त्यांचा मान मिळालेला आहे, हे मला ठाऊक आहे. आणि आमचे मराठीचे सर ते लगेच दाखवून देतील, हेही ठाऊक आहे. पण एका पुस्तकाने एवढी जुनी फिर्याद निकालात निघत नाही. तेव्हा या लेखापुरती मी उन्हाळ्याची वकील. आणि वकिली करायची ती खाण्याच्या बाजूने. पळस-गुलमोहराविषयी ज्यांना लिहायचे असेल त्यांनी खुशाल लिहावे.

आमच्या खान्देशात ऋतू जिभेने ओळखायचा असतो. थंडी पडली की भरिताची मोठी वांगी काड्यांच्या जाळावर भाजली जातात आणि सोबत कळण्याची भाकरी येते. पावसाळ्यात बांधावरच्या रानभाज्या. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५ अंशांवर गेला की तापीच्या वाळूतली डांगरे, कैरीचा तक्कू, पन्हे, आणि मग आंबा. (डांगर म्हणजे आमच्याकडे खरबूज. माझ्या खोलीतली नगरकडची मैत्रीण 'डांगर कापून खाल्ले' हे वाक्य ऐकून पाच मिनिटे हसत होती. तिच्याकडे डांगर उडदाच्या पिठाचे करतात.) वसतिगृहाच्या मेसमध्ये मात्र बारा महिने एकच ऋतू असतो, तो म्हणजे बटाट्याचा. यात स्वयंपाकाच्या मावशींचा काही दोष नाही. एवढ्या मुलींचे ताट इतक्या कमी पैशांत भरायचे म्हणजे ऋतू परवडत नाही.

उन्हाळ्यातला आमचा मोठा सण आखाजी. पंचांगात ती अक्षय्य तृतीया, वैशाख शुद्ध तृतीया. शहरांतून त्या दिवशी सराफांच्या दुकानांत गर्दी उसळते, असे वर्तमानपत्रांत वाचते. आमच्या आळीत सोन्याचा विषय फारसा निघत नाही. विषय दोनच, लेकी आणि आंबे. सासरी गेलेली लेक दिवाळीला आली नाही तर एक वेळ चालते. आखाजीला ती माहेरी आलीच पाहिजे. भाऊ मुऱ्हाळी होऊन तिला आणायला जातो. गावातल्या मोठ्या निंबांना झोके बांधले जातात, आणि ज्या बायका एरवी चार शब्द मोठ्याने बोलत नाहीत त्या झोक्यावर बसून गळा मोकळा करून गातात. पुरुष पत्ते खेळतात. किती खेळतात आणि काय लावून खेळतात, हा विषय आपल्या वार्षिकात न काढलेला बरा.

आंब्याचे म्हणाल, तर घरात पितरांच्या नावाने घागर भरली जाईपर्यंत जुनी माणसे आंब्याला तोंड लावत नाहीत. बाजारात आंबा मार्चपासून दिसतो. कधी कधी पिवळाधमक दिसतो आणि हातात घेतला की कळते, हा कार्बाइडने पिवळा झाला आहे, पिकलेला नाही. कार्बाइडने आंबा पिकवायला कायद्याने बंदी आहे, पण कायदा बाजाराच्या दिवशी आमच्या गावी येत नाही. माझ्या मायने आजवर आखाजीआधी आंबा चाखलेला नाही. लहानपणी मला तो तिचा हट्ट वाटे. आता वाटते, हा नेम ज्यांनी घातला त्यांना आंबा कळत होता. गावरान आंबा आखाजीच्या सुमारासच खऱ्या अर्थाने पाडाला येतो. पितरांच्या निमित्ताने पोरांनाही कच्चे आंबे झोडपण्यापासून आवरता येत असेल, तर तेही पितरांचेच काम समजायचे.

त्या दिवशी सकाळी माय उंबरठा धुऊन त्यावर कुंकवाची बोटे ओढते. एकेका बोटाला एकेका गेलेल्या माणसाचे नाव. मातीची नवी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर छोटे मातीचे भांडे, त्यावर डांगर, आंबे आणि सांजोरी. मग चुलीतला निखारा काढून त्यावर तूप आणि पोळीचा घास, त्याला आगारी म्हणतात. आजोबांचे नाव घेताना माय नेहमी थोडी थांबते. आजोबाही सालदार होते.

बहिणाबाई चौधरींची आखाजीवर कविता आहे, हे मला येथे आल्यावर कळले. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. १९५१ साली त्या गेल्या आणि त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकात आल्या. २०१८ पासून आपल्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका घेऊन घरी गेले तेव्हा वरचे नाव मी मायला वाचून दाखवले. ती म्हणाली, "ती बाई कितवी शिकेल व्हती?" मी सांगितले, शाळेत गेलेलीच नव्हती. मायने माझ्याकडे असे पाहिले की मी गुणही काहीतरी वाढवून सांगितले असावेत!

असो. मला सांगायचे आहे ते जेवणाबद्दल.

आखाजीचे जेवण फार निवांत असते, असे पाहुणे म्हणतात. खरेच असते. कोणाला कोठे जायचे नसते, शेतात उभे पीक नसते, ऊन असे की बाहेर पडण्याची सोय नसते. जेवण अकराला सुरू होते आणि दोन वाजेपर्यंत लोक ताटाशी गप्पा मारत असतात. पण हा निवांतपणा महिनाभर आधीपासून कोणीतरी वाळत घातलेला असतो, ही गोष्ट ताटावर बसलेल्याच्या लक्षात येत नाही.

होळी झाली की आमच्या आळीत कुरडयांना सुरुवात होते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा, पहाटे वरचे पाणी टाकून खालचा पांढराशुभ्र चीक मीठ घालून शिजवायचा. हे शिजवणे म्हणजे कुस्ती. दोन बाया पातेले धरतात आणि तिसरी दोन्ही हातांनी ढवळते. क्षणभर हात थांबला तरी गाठी होतात. मग ऊन चढायच्या आत साच्यातून खाटेवरच्या लुगड्यावर कुरडया घालायच्या. पोरांचा डोळा मात्र पातेल्यावर. वाटीभर गरम चीक, त्यावर तेल किंवा तूप-साखर. मोठमोठ्या हॉटेलांतले पदार्थ मी अजून खाल्लेले नाहीत, तरीही गरम चिकापुढे ते फिके पडतील असे मी न खाताच सांगते. उरलेला चोथाही फेकत नाहीत, त्याच्या वड्या घालतात. कुरडयांमागून ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, शेवया. एकटीने यातले काहीच होत नाही. आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या, अशी सावड चालते. ज्या दोन घरांचे वर्षभर बोलणे बंद असते त्यांनाही कुरडयांपुरते बोलावे लागते, कारण चांगला साचा नेमका दुसरीकडे असतो.

आणि खापराची पोळी. ज्यांनी ती होताना पाहिलेली नाही त्यांना सांगून पटणार नाही, पण प्रयत्न करते. गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करून घेतात. कणीक सैल मळून इतकी तिंबायची की ताणली तर तुटता कामा नये. दोन लहान पुऱ्या लाटून मध्ये पुरणाचा गोळा ठेवून कडा दाबायच्या आणि थोडे लाटायचे. येथपर्यंत कोणालाही जमेल. पुढे लाटणे बाजूला. पोळी दोन्ही हातांवर घ्यायची आणि या हातावरून त्या हातावर फिरवत, मनगटापासून कोपरापर्यंत खेळवत मोठी करायची. ती वाढत वाढत सुपाहून मोठी होते, पातळ होते, आतले पुरण पिवळे दिसू लागते, आणि फाटत मात्र नाही. मग चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर ती अलगद पसरायची. हे गॅसच्या शेगडीवर होत नाही. खापराला चारी बाजूंनी जाळ लागतो. चुलीचा जाळ, वरून वैशाख, आणि पुढे उभी बाई. माझ्या मायच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत भाजल्याच्या बारीक खुणा आहेत. तिची पोळी आळीत सर्वांत मोठी होते, याचा तिला अभिमान आहे. तो मी कधी बोलून दाखवलेला ऐकलेला नाही. पण आखाजीला दुसऱ्या कोणी खापरापुढे उभे राहिले तर ती उगाच दोनदा तिकडे जाऊन येते.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सालदार आहेत. आपल्यापैकी ज्यांचे घर शेतीचे आहे त्यांना हा शब्द ठाऊक असेल. बहुतेकांना तो मालकाच्या बाजूने ठाऊक असेल. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीने शेतावर राहिलेला गडी. वर्षाची रक्कम आणि धान्य ठरते, काही रक्कम आधी उचल म्हणून मिळते, आणि मग वर्षभर दिवस आणि रात्र असा हिशेब राहत नाही. बैलांची वैरण पहाटे. शेतीपंपाची वीज पाळीने येते. पाळी रात्रीची असली की पिकाला पाणी रात्री. कागद कोठेही नाही, सगळे तोंडी. इतर भागांत सालगड्याचे वर्ष पाडव्याला बदलते. आमच्याकडे आखाजीला. आदल्या संध्याकाळी जुने साल संपते, आखाजीच्या दुसऱ्या सकाळी नवे लागते. मधला एक दिवस आबा कोणाचेच नसतात. वर्षातला तो एवढाच दिवस.

म्हणून आमच्या घरी आखाजीचे जेवण म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको. आणि म्हणूनच गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ साली ३० एप्रिलला बुधवारी आलेल्या आखाजीला, मी एक बेत केला. तोपर्यंतचे चित्र असे असे. सकाळी पूजा, मग माय चुलीपुढे. पोळी खापरावरून उतरली की गरम गरम ताटात. पहिली पंगत पाहुण्यांची आणि पुरुषांची, दुसरी पोरांची, तिसरी माहेरवाशिणींची. चार वाजता चूल विझल्यावर माय जेवणार, तेही भाकरीला हात पुसल्यासारखे. कारण इतका वेळ पुरणाच्या वासात उभ्या राहिलेल्या माणसाला गोड घास उतरत नाही. तोवर रस संपलेला असतो, नाहीतर उन्हाने आंबलेला असतो. आबांच्या सुटीच्या दिवशी आबा आणि माय एका वेळी ताटावर बसले आहेत, असे मी अठरा वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.

बेत मी अर्थशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला. आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली तीन घरे मिळून एकच स्वयंपाक करायचा. डाळ पहाटे चारला शिजत घालायची. आदल्या रात्री नाही, या उष्म्यात पुरण विटते. घरामागच्या निंबाची सावली नऊपर्यंत अंगणात असते, म्हणून चूल घरात न मांडता तेथे मांडायची. एकीने कणीक तिंबायची, एकीने भरायचे, एकीने खापरापुढे उभे राहायचे, आणि दर दहा पोळ्यांनी जागा बदलायची. नऊला चूल बंद. पोळ्या धोतराच्या स्वच्छ पानात एकावर एक गुंडाळून ठेवायच्या. भजी आणि कुरडया तेवढ्या ऐन वेळी. आणि रस पुरुषांनी काढायचा.

शेवटच्या कलमावर ताई पोट धरून हसली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तीन वर्षांपूर्वी बारावी झाली आणि तिचे लग्न झाले. भाऊ तिला दोन दिवस आधी घेऊन आला होता, कडेवर दीड वर्षाचा मुलगा. आल्या दिवशी ताई काय करील? झोक्यावर बसेल, मैत्रिणींकडे जाईल, असे मला वाटले होते. ताई झोपली. जेवली आणि झोपली, उठून चहा घेतला आणि पुन्हा झोपली. मुलाला मायने सांभाळले. संध्याकाळी मी तिला हलवायला गेले तर माय ओठावर बोट ठेवून म्हणाली, "झोपू दे." माहेर या शब्दावर निबंध लिहायला मला परीक्षेत आता अडचण येणार नाही.

मायचा आक्षेप गार पोळीला होता. आखाजीला माणसाला गार पोळी वाढायची? तिने असे विचारले, जणू मी शिळ्याचा बेत केला आहे. मी तिला म्हटले, खापराची पोळी निवल्यावर मऊ पडते आणि रसात जास्त मुरते. तूच आम्हाला दुसऱ्या दिवशी तसे सांगून वाढतेस. त्यावर तिच्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून तिने दुसरा मुद्दा काढला. "मी बठनू ते पोया कोन करी?" पोळ्या तोवर झालेल्या असतील, असे मी तिला तीनदा सांगितले. शेवटी शेजारच्या मावशीने तिला गप्प केले. मावशी म्हणाली, पोरीला कॉलेजात पाठवले आहे ना, मग एक दिवस तिचे ऐकून पाहू.

रस काढण्याचा कार्यक्रम पाहायला आळीतली पोरे जमली होती. आंबे रात्रभर पाण्यात घातले होते, दीडशेहून जास्त. आढीतून काढताना मायने ते स्वतः निवडले होते. आबा, भाऊ, शेजारचे काका आणि त्यांचे जावई असे चौघे ओट्यावर मांडी घालून बसले, मध्ये मोठे पातेले. जावयांना बसवावे की नाही यावर बायकांत कुजबुज झाली, पण ते स्वतःच बाह्या सारून बसले. ते म्हणाले, आमच्याकडे मिक्सर आहे. यावर आबांनी त्यांना गावरान आंब्याचा रस हाताने कसा काढतात ते पहिल्यापासून शिकवले. देठाजवळचा चीक आधी पिळून टाकायचा, नाहीतर ओठ उततात. मग आंबा चारी बाजूंनी मऊ करायचा. पहिली धार बोटावर घेऊन चाखायची; आंबट निघाला तर तो वेगळा ठेवायचा, एका आंबट आंब्याने पातेले बिघडते. साल उलटी करून निरपायची, कोय पिळायची, शेवटी कोयी थोड्या पाण्यात धुऊन घ्यायच्या. मी आबांना इतके सलग बोलताना ऐकलेले नव्हते. ते एरवी बैलांशी बोलतात. कोपरापर्यंत पिवळे झालेले त्यांचे हात पाहून माय चुलीपासून म्हणाली, आज दोघांचे हात सारखेच दिसतात. सगळे हसले. मी मायच्या हातांकडे पाहिले, आणि मग दुसरीकडे पाहिले.

साडेअकराला एकच पंगत बसली. तीन घरांची एकवीस माणसे, निंबाची सावली सरकली होती म्हणून आमच्या पडवीत आणि मावशीच्या ओट्यावर मिळून. ताटात अर्धचंद्रासारखी दुमडलेली पोळी, तांब्याभर रस, रसावर तूप आणि चिमूटभर सुंठ, कटाची आमटी, भात, भजी, कुरडई. वाढण्याचे सगळे मध्ये ठेवले होते, ज्याला लागेल त्याने घ्यावे. आबांच्या शेजारी मायला बसवले. ती बसली. आणि मग काय सांगावे, चार घास खाल्ले की उठायची. पाणी आणते. लोणचे राहिले. नातू रडतो का पाहते. ताईने शेवटी तिच्या पदराचे टोक आपल्या मांडीखाली घेतले. तेव्हा कोठे बाई स्वस्थ बसली. दोन वाट्या रस तिने घेतला आणि म्हणाली, आंबा गोड आहे यंदा. दर वर्षी ती हे आम्हाला विचारत असे.

जेवणानंतर आबा घोंगडी टाकून पडवीत आडवे झाले आणि साडेचारपर्यंत झोपले. पत्त्यांच्या डावासाठी दोनदा बोलावणे आले. आम्ही त्यांना उठवले नाही.

संध्याकाळी ते साल ठरवायला मालकाकडे गेले. धाकटा भाऊ सोबत होता, त्याने रात्री मला सांगितले ते येथे लिहिते. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत. आढीतले निम्मे आंबे त्यांच्याच झाडाचे होते, त्यांनीच टोपली पाठवली होती. रक्कम ठरली, धान्य ठरले. मग उचल. आबांनी वीस हजार मागितले. कशासाठी, असे विचारल्यावर सांगितले, मुलीच्या कॉलेजसाठी. आता कला शाखेची फी ती किती? पैसे लागतात ते राहण्याला आणि जेवणाला. मालक म्हणाले, एवढी शिकली ते पुष्कळ झाले, आता तिचे लग्न कर. लग्नासाठी वीस काय, साठ हजार उचल घे. ते प्रेमानेच म्हणाले असतील. पण साठ हजार म्हणजे आबांची पुढची दोन-तीन साले आजच बांधली जाणार, हे अर्थशास्त्र शिकण्यापूर्वीही मला कळले असते. आबा म्हणाले, "पोर शिकी ऱ्हायनी आप्पा, शिकू द्या." मालक बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी बारा हजार दिले, बाकीचे दिवाळीला पाहू म्हणाले. आबांनी ते घेतले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बैलांना वैरण घालायला गेले.

ताईला सासरहून चार दिवसांची सवड होती. पाचव्या दिवशी ती गेली. जाताना मायने तिच्या पिशवीत कुरडया, बिबडे, शेवया आणि चार पोळ्या भरल्या. एस. टी.त बसताना ताई मला म्हणाली, तुझी वही पुढच्या वर्षीही आण.

तेव्हापासून मेसच्या ताटावर बसले की मला हिशेब सुचतो. हा आजचा बटाट्याचा रस्सा आबांच्या कोणत्या रात्रीच्या पाण्याच्या पाळीचा, असा. मैत्रिणी म्हणतात, तू फार हळू जेवतेस. ताटात टाकायचे नाही एवढे मात्र मी ठरवले आहे, आणि तो नियम माझ्या टेबलावरच्या सर्वांना लागू आहे. त्यामुळे माझ्या टेबलावर आता फारसे कोणी बसत नाही.

यंदा, २०२६ साली, आखाजी १९ एप्रिलला आहे. रविवार आहे, म्हणजे पेपर नसणार. ताईच्या सासूबाईंनी या वेळी आठ दिवसांची परवानगी दिली आहे, कारण मे महिन्यात अधिक ज्येष्ठ लागतो आणि जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावायचे आहे, तेव्हा एवढे तरी दिलेच पाहिजे असा त्यांचा व्यवहार. उचलीचे बाकीचे आठ हजार दिवाळीला मिळाले. पुढचे साल धरायचे की रोजंदारीवर जायचे, असे आबा या वर्षी पहिल्यांदाच बोलून दाखवत आहेत. सालात धान्याची खात्री असते, रोजंदारीत रात्र आपली असते. माय सालाच्या बाजूची आहे, भाऊ रोजंदारीच्या. माझे मत मोबाइलवर विचारले गेले. मी म्हटले, आखाजीच्या जेवणापर्यंत कोणी काही ठरवू नये. त्या दिवशी रस काढताना आबा बोलतात, तेव्हा काय ते बोलतील.

बेतात काही बदल आहेत. गेल्या वर्षी रस कमी पडला, म्हणून आंबे दोनशे. खापराला तडा गेला आहे, नवे घ्यावे लागेल. माय म्हणते, कुंभाराकडून आणताना तीच वाजवून पाहील, दुसऱ्या कोणी आणू नये. आळीतले चौथे घरही आमच्यात येतो म्हणते. म्हणजे सत्तावीस माणसे, आणि पंगतीला पडवी पुरणार नाही. मावशीच्या ओट्यापुढे ताडपत्री बांधायची असे ठरत आहे.

माझ्या खोलीतल्या तिघी येणार आहेत. डांगराला हसणारीही येणार आहे. आमच्या सरांनी खापराची पोळी फक्त ऐकली आहे, असे ते एकदा वर्गात म्हणाले होते. सरांनीही अवश्य यावे. चोपड्याहून गाडी सकाळी मिळते. मात्र दहाच्या आत पोचावे, कारण रस काढायला पुरुष माणसे कमी आहेत.